तडा हवा, पण फुटायला नको

(दृश्य: बुडापेस्ट, फोवाम चौकातली मोठी मंडई. डिसेंबरातली सकाळ.)

बुडापेस्टची ही मोठी मंडई 1897 सालची. छपरावर पेच शहरातल्या झोल्नाई कारखान्याची रंगीत कौलं, आत उंच लोखंडी कमानी. एरवी इथे लाल पाप्रिकाच्या माळांपुढे पर्यटकांची झुंबड असते. डिसेंबर लागला की गिऱ्हाईक बदलतं. चाकाच्या पिशव्या ओढत आलेल्या आजीबाई, कामावर जाता जाता डोकावलेली तरुण मंडळी, आणि मागणं बहुतेकांचं एकच. अक्रोडाचा गर आणि खसखस.

ही खसखस आपल्या वाण्याकडे मिळते तशी पांढरी नाही. निळसर करड्या रंगाची आहे. आपल्याकडे अनारशाला लावायला किंवा करंजीच्या सारणात घालायला मूठभर पुरते. इथे ती किलोच्या हिशेबात घेतात.

ही सगळी खरेदी आहे बेयग्लीसाठी. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर सारण पसरायचं, गुंडाळी करायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. एक अक्रोडाची, तिला म्हणतात दिओश. दुसरी खसखशीची, ती माकोश. हंगेरीत नाताळाला या दोघींची जोडी लागते. एकच केली तर पाहुणे दुसरीची चौकशी करतातच.

(दृश्य: जुन्या इमारतीतलं स्वयंपाकघर. टेबलाला आवळलेलं लोखंडी यंत्र.)

डॅन्यूब नदीच्या पूर्वेकडची, पेस्टच्या बाजूची ही जुनी इमारत. मधे चौक, आणि प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती फिरणारी सामायिक गॅलरी. तिसऱ्या मजल्यावरच्या या स्वयंपाकघरात टेबलाच्या कडेला एक यंत्र स्क्रूने आवळून बसवलंय. वर नरसाळं, बाजूला दांडा. खसखस दळायचं हे हातयंत्र घरातल्या आजींना त्यांच्या सासूबाईंकडून मिळालं.

दांडा फिरवायला जोर लागतो. आजी एका हाताने टेबल धरतात, दुसऱ्याने फिरवतात. खाली ताटलीत काळपट, ओलसर भुगा पडत जातो. वास येतो तो ताज्या तेलाचा, किंचित मातकट, किंचित कडवट. खसखशीच्या दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. दाणा फुटला की त्या तेलाला हवा लागते आणि ते लवकर खवट होतं. म्हणून दळलेली खसखस पाकिटात मिळत असली तरी जाणती माणसं दाणे आणून घरीच दळतात. दाणे अख्खेच घातले, तर ते दाताखाली नुसते कुरकुरतात, दूध शोषत नाहीत आणि सारण मिळून येत नाही. माकोश बेयग्लीची निम्मी चव या यंत्रातच ठरते, असं माझं ठाम मत आहे.

(दृश्य: खसखशीचं शेत, वाळलेली बोंडं.)

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. बोंडाला चिरा देऊन चीक गोळा करायचा, ही अफूची जुनी रीत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अजूनही तो असा काढतात. हंगेरीच्या यानोश कबाय या औषधतज्ज्ञाने वेगळी वाट शोधली. 1927 साली त्याने बुदसेंतमिहाय गावात, म्हणजे आजच्या तिसावश्वारीत, अल्कलोइदा हा कारखाना सुरू केला. पुढच्या काही वर्षांत त्याने बी झाडून घेतल्यावर उरलेल्या वाळक्या बोंडांतून थेट मॉर्फिन काढायची पद्धत बसवली. शेतकऱ्याला एका पिकात दोन्ही साधलं. बोंडं औषधाच्या कारखान्यात गेली आणि बी बेयग्लीत.

अक्रोडाचा मान वेगळा. ईशान्य हंगेरीत, तिसा नदीकाठच्या मिलोता या लहानशा गावाच्या नावाने अक्रोडाची एक जातच ओळखली जाते. जुन्या काळी नाताळच्या आदल्या संध्याकाळी, 24 डिसेंबरला, जेवणाच्या टेबलावर अक्रोड फोडून वर्षाचं भाकीत बघत. गर स्वच्छ निघाला तर वर्ष निरोगी जाणार, काळा निघाला तर आजारपण. काही घरांत खोलीच्या चार कोपऱ्यांत चार अक्रोड टाकायचे. अक्रोड इडापिडा दूर ठेवतो आणि खसखशीच्या असंख्य दाण्यांबरोबर घरात बरकत येते, ही समजूत. दोन्ही बेयग्ली का लागतात, याचं उत्तर अजूनही बरेच जण असंच देतात.

(दृश्य: परातीत मैदा. हात.)

आता पीठ. अर्धा किलो मैदा, पाव किलो स्निग्धांश, 50 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, अंड्यांचे दोन पिवळे बलक आणि कपभरापेक्षा कमी कोमट दुधात कालवलेलं थोडंसं यीस्ट. स्निग्धांश म्हणजे काय, यावर घराघरांत मतभेद. काही जण सगळं लोणी घालतात. आजी अर्धं लोणी आणि अर्धी डुकराची चरबी घेतात. हंगेरीच्या खेड्यांत थंडीत डुक्कर कापायची पद्धत आहे. नातलग, शेजारी जमतात, दिवसभर काम चालतं आणि त्यातून वर्षाची चरबी कढवून ठेवतात. नाताळच्या भाजण्यात तीच वापरली जाते. चरबीने पापुद्रा जास्त खुसखुशीत होतो, हे खाताना लगेच कळतं.

आजी आधी थंड लोणी आणि चरबी मैद्यात बोटांनी चोळून घेतात. रव्यासारखं झालं की मग दूध आणि बलक. मळायचं ते गोळा जमेपर्यंतच. जास्त तिंबलं तर पीठ चिवट होतं आणि लाटताना मागे मागे येतं. यीस्ट आहे, पण हे पावाचं पीठ नव्हे. ते टम्म फुगवायचं नसतं. यीस्ट फक्त पापुद्रा हलका व्हावा इतपतच. गोळा झाकून थंड जागी ठेवतात, त्यात पीठ सैलावतं.

तोवर सारण. अक्रोड दळून त्यात साखर, गरम दूध, बेदाणे, किसलेली लिंबाची साल. खसखशीतही साखर, दूध आणि लिंबाची साल. कुणी सफरचंद किसून घालतं, कुणी पोळीवर आधी जर्दाळूच्या जॅमचा पातळ हात फिरवतं. चेस्टनटच्या गराची बेयग्लीही मिळते आणि चांगली लागते. चॉकलेट, कॅरमल वगैरे नवे प्रकारही दुकानांत मिळतात. त्यांचं मला फारसं कौतुक नाही, कारण गोडाखाली सगळं दडपून जातं. खसखशीचा कडवटपणा आणि लिंबाचा वास, हाच तर या पदार्थाचा जीव आहे.

सारण पूर्ण गार झाल्याशिवाय वापरायचं नाही. कोमट असलं तर पिठातली चरबी वितळते, पातळ असलं तर ओव्हनमध्ये त्याची वाफ होते. आणि ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते.

(दृश्य: तराजू. चार गोळे, चार वाट्या सारण.)

वजन करताना बघा. पिठाचे चार गोळे, प्रत्येकी साधारण 230 ग्रॅम. आणि प्रत्येकासाठी सारण? तेवढंच, 230 ग्रॅम. पीठ आणि सारण समसमान, हा घरच्या बेयग्लीचा दंडक. कापल्यावर पापुद्र्याच्या बारीक रेषेमधे काळं सारण गच्च दिसलं पाहिजे. आजींच्या शब्दांत, पीठ फक्त सारण धरून ठेवायला असतं.

अडचणही इथेच सुरू होते. करंजीत सारण दाबून भरलं की ती कढईत फुटते आणि सगळं तेल खराब करते, तशीच ही ओव्हनमध्ये फुटते. पोटाशी लांबलचक भेग पडते, सारण बाहेर येऊन जळतं. “फुटली का?” हा डिसेंबरात हंगेरीत मैत्रिणी एकमेकींना फोनवर विचारतात तो प्रश्न.

आणि तरीही वरचा भाग गुळगुळीत राहिलेला कुणालाच नको असतो. चांगल्या बेयग्लीच्या अंगावर बारीक तड्यांचं जाळं हवं. गडद, चकचकीत तपकिरी आणि त्यातून फिरणाऱ्या फिकट रेषा. संगमरवरी म्हणतात त्याला. तडा हवा, पण फुटायला नको. सगळं कौशल्य या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे.

(दृश्य: ब्रशने बलक लावणारा हात. जवळून.)

ते कसं साधतं, हे नीट बघण्यासारखं आहे. पोळी आयताकृती लाटलेली, तीनेक मिलिमीटर जाड. कडा बोटभर मोकळ्या सोडून सारण पसरलं. दोन्ही बाजूंच्या कडा आत दुमडल्या, म्हणजे टोकांतून सारण निसटत नाही. मग गुंडाळी. आत पोकळी राहू द्यायची नाही, पण आवळायचंही नाही. जोड खाली येईल अशी ती ट्रेमध्ये ठेवली.

आता अंड्याचा पिवळा बलक फेटून ब्रशने सगळीकडे लावला. आणि थांबायचं. ट्रे थंड जागी, या घरात तो गॅलरीच्या दाराशी जातो, बलक कोरडा होईपर्यंत. हात लावला तर चिकटता कामा नये. मग वरून पांढरा बलक, आणि पुन्हा वाळवायचं, या वेळी घरातल्या उबेला. घाई करणाऱ्याची बेयग्ली इथेच बिघडते.

पिवळ्या बलकाचा वाळलेला थर ताणला जात नाही. ओव्हनच्या उष्णतेने आतलं पीठ फुगतं, गुंडाळी जाड होते, वरचा थर मात्र जागच्या जागी राहतो आणि बारीक बारीक तडकतो. त्या फटींतून खालचं कोवळं पीठ दिसतं. त्याच फिकट रेषा. पांढऱ्या बलकाने वर चकाकी येते.

आणि फुटू नये म्हणून टोचे. भाजायच्या अगदी आधी आजी काट्याने दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर खोल टोचे मारतात, पार सारणापर्यंत. वाफेला त्यातून वाट मिळते. टोच्यांचा आणखी एक उपयोग म्हणजे ओळख. भाजल्यावर दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून या घरात माकोशला माथ्यावर टोच्यांची एक रांग आणि दिओशला दोन.

180 अंशांवर अर्धा तास, पाच मिनिटं इकडेतिकडे. ओव्हनचं दार मधे उघडायचं नाही. भाजून झाल्यावर ट्रेमध्येच गार होऊ द्यायची आणि त्या दिवशी कापायची नाही. सारणातला ओलावा रात्रभरात पापुद्र्यात उतरतो, दुसऱ्या दिवशी ती जास्त चवदार लागते.

(दृश्य: ब्रातिस्लाव्हा, जुन्या गावातली बेकरी.)

बेयग्लीचं घराणं मोठं आहे. हंगेरीत ती एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक मुलखातून येऊन रुजली. तिची जवळची बहीण पोझोनीची, म्हणजे आज स्लोव्हाकियाची राजधानी असलेल्या ब्रातिस्लाव्हाची. ती आकाराने लहान आणि वाकवलेली. अक्रोडाची सी अक्षरासारखी, खसखशीची घोड्याच्या नालेसारखी. बुडापेस्टच्या ज्यू घरांत पुरीम सणाला किंड्ली करतात, तीही याच जातकुळीची. पोलंडमध्ये खसखशीची माकोव्हिएत्स, स्लोव्हेनियात गोल साच्यात भाजलेली पोतित्सा. सीमा बदलल्या, राज्यं गेली, सारण मात्र सगळीकडे तेच राहिलं.

पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्ट राजवटीने नाताळचं धार्मिक रूप पुसायचा प्रयत्न केला. भेटवस्तू आणणाऱ्या बाळ येशूचं, येझुश्काचं नाव मागे सारलं, सणाला ‘पाइनचा सण’ म्हणायला लावलं. स्वयंपाकघरांत मात्र खसखस दळली जातच होती. या राजवटीविरुद्धचा 1956 चा उठाव चिरडला गेला तेव्हा सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली. त्यांच्याही आधी, पहिल्या महायुद्धापूर्वी, हजारो हंगेरियन कुटुंबं अमेरिकेत ओहायो, पेनसिल्व्हेनियाकडे कारखान्यांत आणि खाणींत कामाला गेली होती. क्लीव्हलंडचा बकाय रोड म्हणजे तर हंगेरियन वस्तीच होती. त्या भागांतल्या चर्चमध्ये आजही नाताळच्या आधी बायका एकत्र जमून अशा गुंडाळ्या भाजतात आणि विक्रीचे पैसे चर्चच्या कामाला लावतात. पीठ तिथे जरा पावासारखं झालंय, गुंडाळी लांब झालीय. पण अक्रोड आणि खसखस तीच.

(दृश्य: 24 डिसेंबरची संध्याकाळ. सजवलेलं झाड, टेबल.)

24 तारखेला संध्याकाळी कार्प माशाचं लालभडक सूप, मग इतर जेवण, आणि शेवटी टेबलावर बेयग्लीचं ताट. बोटभर जाडीचे काप, काळे आणि तपकिरी आलटून पालटून. गुंडाळीची टोकं ताटात येत नाहीत. त्यांत सारण कमी असतं. ती स्वयंपाकघरातच, करणाऱ्याच्या आणि घुटमळणाऱ्या मुलांच्या तोंडात जातात.

25 आणि 26 ला एकमेकांकडे जाणं. जिथे जाल तिथे बेयग्ली पुढे येते आणि नाही म्हणता येत नाही. प्रत्येक जण काप हातात घेऊन आधी कडेने बघतो. पापुद्रा किती पातळ, सारण किती, तडे कसे. बोलून दाखवत नाहीत, पण परीक्षा चालूच असते.

डिसेंबरात बुडापेस्टला गेलात तर तुम्हीही तसंच करा. बेकरीत अख्ख्या गुंडाळीच्या चकाकीला भुलू नका, कापलेली दाखवायला सांगा. पापुद्र्याइतकं तरी सारण दिसलं नाही तर पुढच्या दुकानात जा. खसखस राखाडी, कोरडी वाटली तर ती शिळी दळलेली आहे. काळपट, ओलसर दिसली की घ्या. आणि घेताना दोन्ही घ्या, एक दिओश, एक माकोश. थंड जागी चांगली दोन आठवडे टिकते.