तीच गोळी, तेवढाच डोस, तरी ओव्हरडोस

नमस्कार मंडळी. नाशिकला थंडी चांगली पडली आणि तिकडे निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत भुरी रोगासाठी गंधकाची धुरळणी सुरू झाली की माझ्या पंचवटीतल्या मेडिकलवर दम्याची गिऱ्हाइकं वाढतात, छाती भरलीय, रात्रभर बसून काढली, ताई काहीतरी द्या. त्यातले निम्मे तरी औषधाचं नाव सांगत नाहीत, "ती पांढरी बारकी गोळी" एवढंच सांगतात. आज मला त्या गोळीबद्दलच बोलायचंय, कारण ओव्हरडोस म्हटलं की लोकांना वाटतं कुणीतरी मूठभर गोळ्या खाल्ल्या, पण दम्याच्या औषधात रोजचीच एक गोळी रोजच्याच वेळेला घेऊनसुद्धा ओव्हरडोस होऊ शकतो, आणि हे घरात कुणालाच माहीत नसतं.

ही गोळी म्हणजे बहुतेक वेळा थिओफिलीन, आपल्याकडे बऱ्याचदा एटोफायलीनसोबत एकत्र येते. औषध जुनं आहे, १८८८ साली कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते चहाच्या पानांतून वेगळं काढलं, कॉफीतल्या कॅफीनचं ते भावंडच. श्वासनळ्या सैल करतं, स्वस्त आहे, म्हणून अजून चालतं. अडचण अशी की गुण येणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यात अंतर फार कमी. एक मिलीलिटर रक्तात साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम ही जुनी ठरलेली मर्यादा, आता बरेच डॉक्टर त्याहून कमीवरच थांबतात, आणि २० च्या वर गेलं की मळमळ, उलट्या, डोकं दुखणं, झोप उडणं, छातीत धडधड असं सुरू होतं. त्याच्याही खूप वर गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, फिट येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काही जणांना आधी उलटी-मळमळ काहीच होत नाही, थेट फिटच येते.

मागे एक बाबा आले होते मखमलाबादकडचे, माझं जुनं गिऱ्हाईक, गोळी वर्षानुवर्षं तीच. पैसे द्यायला खिशातून नोटा काढल्या तर हात इतका थरथरत होता की नोट काउंटरवर ठेवताना चिल्लर खाली सांडली. मी म्हटलं, "बाबा, काय झालं, बसा आधी." तर म्हणे काही नाही गं ताई, पोट बिघडलं होतं, आता उलट्या होतायत, दोन रात्री डोळा लागला नाही. सुनेला वाटलं बाहेरचं काही खाण्यात आलं. मी विचारलं पोटासाठी काय घेतलं, तर खिशातून कापलेली स्ट्रिप काढली, तिच्यावर नाव अर्धंच दिसत होतं, पण तेवढ्यावरून कळलं की सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक आहे, कुणीतरी घरात उरलेलं दिलेलं. मी त्यांना म्हटलं पुढची दम्याची गोळी घेऊ नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, आणि रिक्षात बसवून दिलं. तिथे रक्त तपासलं तेव्हा थिओफिलीनचं प्रमाण चढलेलं निघालं. बाबांनी एकही गोळी जास्त घेतलेली नव्हती.

होतं काय, तर थिओफिलीन आपल्या यकृतात मोडून बाहेर टाकलं जातं. सिप्रोफ्लॉक्सासिनने ते मोडायचं काम मंदावतं, एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकनेही मंदावतं, ॲसिडिटीच्या जुन्या सिमेटिडीन गोळीनेही. मग रोजचा डोस रक्तात साठत जातो, मोरी तुंबल्यावर नळ तेवढाच चालू असला तरी पाणी वर येतं ना, तसं. चांगला ताप आला तरी असं होऊ शकतं, यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल तरी, आणि वय झालं की मुळातच हे काम हळू चालतं. म्हणून दम्याच्या पेशंटला ताप येऊन कुणी अँटिबायोटिक लिहून देत असेल तर पहिलं वाक्य हेच सांगा की मी ही गोळी घेतो. कृपा करून सांगा, डॉक्टर विचारायची वाट बघू नका.

बिडीची गंमत उलटी आहे. बिडी-सिगरेटच्या धुराने हे औषध लवकर मोडतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, आणि त्याने बिडी सोडली की थोड्याच दिवसांत तोच डोस त्याला जड होतो. बिडी सोडाच, दम्यात तर सोडायलाच पाहिजे, फक्त सोडायच्या आधी डॉक्टरला सांगा म्हणजे ते गोळी कमी करतील.

आता दुसरी गोष्ट, साल्ब्युटामॉल, हेही श्वासनळ्या सैल करणारं औषध. तोंडात ओढायच्या पंपात, म्हणजे इनहेलरमध्ये, तेच असतं, गोळीत तेच, मुलांच्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्येही ते नाहीतर त्याचं भावंड टर्ब्युटालीन असतं. घरात तिन्ही चालू असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही की एकाच जातीचं औषध तीन वाटांनी अंगात जातंय. मग हात कापतात, धडधडतं, पायात गोळे येतात, रक्तातलं पोटॅशियम खाली येतं, वर थिओफिलीन पण असेल तर आणखीनच. आणि लोक मला काय सांगतात, पंप नको ताई, पंपाची सवय लागते, गोळीच द्या. अहो, पंपाचा एक दाब म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, आणि गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे एका गोळीत ४० दाबांएवढं औषध! तेही आधी पोटात, मग सगळ्या अंगभर फिरून छातीत. पंपाचं थेट छातीत जातं. मला हे सांगून सांगून घसा कोरडा पडला तरी मी सांगत राहणार आहे.

पण पंपाचाही अतिरेक वाईटच. आराम देणारा नुसता साल्ब्युटामॉलचा पंप वर्षाला ३ किंवा जास्त लागत असतील, २०० दाबांचे, तर दम्याचा मोठा अटॅक यायचा धोका वाढलाय असं समजतात, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका. कारण तो श्वासनळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायला स्टेरॉइडचा पंप लागतो, त्याची मात्रा अगदी कमी असते, तोंडात बुरशीचं पांढरं येऊ नये म्हणून घेतल्यावर चूळ भरायची बस. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही मोठ्यांनी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये असंच सांगितलंय.

मात्र एक नीट ऐका. अटॅक आलेला असताना धडधडीच्या भीतीने पंप हातात धरून बसू नका. तेव्हा पंपाला स्पेसर, म्हणजे ती पोकळ नळी, लावून एकेक करत चार दाब घ्यावेत आणि आराम नसेल तर हॉस्पिटलच्या वाटेवर परत घ्यावेत, तेव्हा दम अडकणं हा मोठा धोका असतो. एक वाक्य बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर थांबायचंच नाही, १०८ लावा.

स्ट्रिप कापून दोन-चार गोळ्या नेता ना, त्यात नाव आणि तारीख दुकानातच राहते. नावाचा भाग तुमच्याकडे राहील असं बघा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. लांब चालणाऱ्या गोळ्या, ज्या दिवसातून एक-दोनदाच घ्यायच्या असतात, त्या चावून किंवा कुटून देऊ नका, आजीला गिळता येत नाही म्हणून कुटून मधात देतात लोक, मग दिवसभराचं औषध एकदम उतरतं.

आणि समजा कुणी चुकून जास्त घेतल्याच, किंवा लहान मुलाच्या हाती लागल्या, तर मूल हसत-खेळत दिसतंय म्हणून घरी थांबू नका. लांब चालणाऱ्या गोळीचा त्रास कित्येक तास उशिरा सुरू होतो, आणि हॉस्पिटलात औषधी कोळशाची पूड देण्यासारखे उपाय लवकर पोचलं तर जास्त उपयोगी पडतात. फार चढलं तर डायलिसिसने काढता येतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. सरळ सिव्हिलला किंवा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथे जा, रिकामी स्ट्रिप सोबत न्या, किती वाजता आणि अंदाजे किती घेतल्या ते सांगा, आणि दुसरं कुठलं औषध चालू आहे तेही, अगदी पोटाचं असलं तरी.