म्हैस, वीट आणि बारा गुंठे

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फंक्शन म्हटलं की आपल्याकडं आधी मांडव आठवतो. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून दोघांनी मला विचारलंही, जेवण आहे का म्हणून. जेवण नाही, चहा आहे. मी बोलणार आहे ते संगणकातलं फंक्शन, पिठाच्या चक्कीसारखं. वरून दाणे टाकायचे, खालून पीठ घ्यायचं. गहू टाका, ज्वारी टाका, चक्की तीच.

अशा चक्क्या जगभरचे लोक मिळून, एक पैसा न घेता, सामायिक जागेवर बांधतात. विकिपीडियाच्या घराण्यातलं हे विकिफंक्शन्स 2023 साली सुरू झालं. त्याचा थोरला भाऊ विकिडेटा 2012चा. तिथं माहिती निबंधासारखी नसते, रकान्यांत बसवलेली असते, म्हणून माणसासारखंच यंत्रालाही ती वाचता येते. 2018पासून तिथं शब्दही नोंदवता येतात: शब्द, त्याचं लिंग, त्याची रूपं. कोठार एकीकडं, चक्क्या दुसरीकडं, एवढं धरून चाललं तरी आजच्यापुरतं भागेल.

फंक्शनमध्ये आधी ठरतं की काय द्यायचं आणि काय मिळायला हवं. मग कोणीतरी कोड लिहितो, पायथन किंवा जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषांमध्ये, नाहीतर आधीचीच फंक्शनं एकमेकांना जोडून. आणि मग टेस्ट: हे टाकलं तर हेच आलं पाहिजे. कोड लिहिणाऱ्या पोरांची चर्चा सगळीकडं होते. मी टेस्टबद्दल बोलणार आहे, कारण तिला कोड यावा लागत नाही, उत्तर माहीत असावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात याच हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण सरावाला बसलो होतो. लॅपटॉप दोन, पंखा एक. ठरलं की जुन्या कागदावरचं क्षेत्र टाकलं की सातबाऱ्यावरचं हेक्टर-आर निघायला हवं. सोपं काम. एक एकर म्हणजे 0.4047 हेक्टर, गुणाकार केला की झालं. बीएस्सीच्या पोरानं पंधरा मिनिटांत कोड लिहिला आणि पाच टेस्ट लावल्या. पाचही हिरव्या, म्हणजे पास.

मागं एक काका पेपर वाचत बसले होते. म्हणाले, माह्यं घालून पाय. त्यांच्या जुन्या खरेदीखतावर लिहिलं होतं 2.20. पोरानं टाकलं. उत्तर आलं 0.89. काकांनी पिशवीतून सातबारा काढला, त्यावर 1.01. काका म्हणाले, "मास्तर, माह्ये बारा गुंठे कुठी गेले?"

बरोबर बारा. आम्ही नंतर हिशोब केला, एक गुंठाही इकडचा तिकडं नाही. वऱ्हाडातल्या त्या कागदावर 2.20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर झाले. पोरानं त्याला दोन पूर्णांक दोन दशांश समजून गुणलं. कोड चुकला नव्हता, टिंब चुकलं होतं. त्यानं स्वतः लिहिलेल्या पाचही टेस्ट पूर्ण एकरांच्या होत्या, एक एकर, पाच एकर, दहा एकर. टिंबाची गाठच पडली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, टिंबानंतरचा आकडा गुंठेच धरा. पण छत्तीसगडच्या अंगाला गेलात तर जमीन डिसमिलमध्ये मोजतात, एकराचा शंभरावा भाग. तिथल्या कागदावर 2.20 म्हणजे खरोखर दोन पूर्णांक दोन दशांश. एकच आकडा, दोन अर्थ. शेवटी आम्ही फंक्शनच बदललं. एकर वेगळा रकाना, गुंठे वेगळा. आणि काकांची टेस्ट सगळ्यात वर ठेवली. पंचेचाळीस गुंठे टाकले तर चूक म्हणायचं की एक एकर पाच गुंठे करून घ्यायचं, यावर मात्र चहा गार होईपर्यंत भांडण झालं.

आता शब्दांकडं. अनेकवचनाचं फंक्शन करताना एका मुलीनं नियम लिहिला: स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी अ असेल तर ई करा. भिंत, भिंती. छान. पण वीट टाकली आणि आलं वीटी. मग तिनं कोडमध्ये अपवाद घातला, वीट असेल तर विटा. मग वेळ, चूक, सून, जीभ. मग कोणीतरी म्हैस टाकली. म्हैशी नाही, म्हशी. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढायला लागली.

इथं माझं तिच्याशी वाजलं. मी म्हटलं, हे चक्कीत कोंबू नको, कोठारात भर. म्हशीच्या नोंदीतच तिचं अनेकवचन लिहिलेलं असेल, तर फंक्शननं फक्त जाऊन विचारायचं. नोंद सापडली नाही तरच नियम लावायचा. आणि नोंदीत एकदा दुरुस्ती केली की ती वापरणारी सगळी फंक्शनं सुधारतात, आपलं एकटंच नाही. मात्र छापील शब्दकोशातून उतरवून नोंदी भरू नका. विकिडेटातली माहिती कोणालाही कशीही वापरायला मोकळी असते, तिथं दुसऱ्याच्या हक्काचं पुस्तक ओतता येत नाही.

आणखी एक. टेस्ट लाल दिसली की पहिला मोह टेस्टच बदलायचा होतो. कधी ते रास्तही असतं. आमच्यातल्या एकानं तारीखचं अनेकवचन तारीखा लिहून ठेवलं होतं, कोड बिचारा तारखा देत होता आणि शिव्या खात होता. पण टेस्ट बदलण्याआधी ज्याची आहे त्याला विचारा.

आपले वऱ्हाडी शेतीतले शब्द अजून भरायचे आहेत. पऱ्हाटी, धुरा, बंडी, डवरा. ते आमच्या पोरांना ऐकून माहीत आहेत, पण कुठं कोणतं रूप लागतं ते वावरात राबणाऱ्याला विचारावं लागतं. म्हणून आम्ही कागदाची वही फिरवली, डावीकडं शब्द, उजवीकडं अनेकवचन. कुटार, म्हणजे भुसा, या शब्दापुढं एका मावशींनी काहीच लिहिलं नाही. पोरीनं विचारलं, राहिलं का? मावशी म्हणाल्या, "कुटाराचं कायचं अनेकवचन? ढीगभर असो का मूठभर, कुटार ते कुटारच."

त्यांची टेस्ट आम्ही तशीच चढवली, अपेक्षित उत्तर कुटार. फंक्शन अजून कुटारे देतं. काल रात्री पाहिलं तेव्हाही ती ओळ लालच होती.