पाठमोरी माणसं

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'समकालीन चित्रकार आणि विद्यार्थ्याची वाढ'. त्याकडे येतोच. आधी एक तक्रार करून घेतो, कारण एवढे पालक एका जागी, तेही मोबाइल खिशात ठेवून बसलेले, मला पुन्हा मिळायचे नाहीत.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा, दिलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धी सभा! मग स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. भाजीबाजार, गणपती विसर्जन, बसथांबा, पावसातला रस्ता. मूल परीक्षेला बसतं आणि क्लासमध्ये घोटून घेतलेला बाजार उतरवून येतं. डावीकडे भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेला गृहस्थ, मधल्या मोकळ्या जागेत कुत्रा. हा कुत्रा मी नोकरीभर पाहिला. विसर्जनाला तोच, बसथांब्यावर तोच. कधी तपकिरी, कधी निळसर. पोस्टर कलरची कुठली बाटली उरलीय त्यावर ते ठरतं. (हशा)

आता कुणी म्हणेल, सर, गुण मिळतात ना? मिळतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७, बी ला ५, सी ला ३. त्या गुणांना मी नावं ठेवत नाही. कित्येक घरांत पहिला ब्रश या परीक्षेमुळेच आलाय. पण बाजार पाठ झाला की पोरगं प्रत्यक्ष बाजारात गेलं तरी डोळे उघडत नाही, हे माझं दुखणं आहे. आयांनो, तुम्ही भाजी घेताना त्याला नुसती पिशवी धरायला लावता. थोडं इकडेतिकडे बघू द्या की!

एक मुलगी सांगतो. सराव परीक्षेला विषय होता रेल्वे स्थानकावरची गर्दी. डोंबिवलीची पोर, विषय घरचाच. तिने झाडून सगळी माणसं पाठमोरी काढली. चेहरा म्हणून एक नाही. पाठीवरच्या सॅक, घामाने चिकटलेला शर्ट, केसांत अर्धवट सुटलेला चाप, एका बाईच्या खांद्यावर पदराला लावलेली सेफ्टी पिन. ती पिन मी भिंग लावून पाहिली. तिला चकाकीसुद्धा होती. आमचे एक सहकारी म्हणाले, "चेहरे जमत नाहीत, म्हणून ही पळवाट." मी तिला बोलावून विचारलं. म्हणाली, "सर, जिन्यावर मला पाठीच दिसतात. माझी उंचीच तेवढी आहे." घ्या! सगळ्या वर्गात स्थानकावर खरोखर जाऊन आलेली ती एकटीच. आणि ग्रेड? सी. नियमात बसवायचं तर माणसांचे हावभाव दिसले पाहिजेत म्हणे. माझं म्हणणं, संध्याकाळी सव्वासहाच्या जिन्यावर तुमच्या पाठीलाही हावभाव असतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मलाही सी ग्रेड. तर मूळ विषय, भराभर.

त्या मुलीला मी सुधीर पटवर्धनांची चित्रं दाखवली. पूर्वी पेशाने रेडिओलॉजिस्ट, राहणार ठाणे, चित्रकलेच्या कॉलेजात न गेलेले. त्यांच्या कॅनव्हासवर कामगार आहेत, इराणी हॉटेल आहे, लोकल आहे, २००१ च्या 'लोअर परळ'मध्ये बदलतं गिरणगाव आहे. तिला पहिलं नवल वाटलं ते हे की आपल्या लाइनवरचा परिसर चित्रात चालतो. दुसरं, चित्रकार हयात आहे! शाळेतल्या मुलाला चित्रकार म्हणजे हार घातलेला फोटो वाटतो. मग ती बारकाईने बघू लागली आणि तिनेच मला दाखवलं, की एकाच चित्रात रस्ता वरून दिसतो आणि माणूस समोरून. पुढचा जिना तिने तसा काढला. पायरीवरून वर दिसणाऱ्या पाठी, आणि त्याच कागदावर पुलाच्या जाळीतून खाली दिसणारा फलाट. पटवर्धनांची उचल? हो, थोडी. जिना मात्र तिचाच.

दुसरे प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, घरची माणसं कोळशाच्या खाणीत राबलेली. ते चारकोलने, म्हणजे कोळशानेच, थेट गॅलरीच्या भिंतीवर खाणीतली माणसं काढतात. हे भिवंडीच्या वर्गात सांगितलं, तर एका पोराने यंत्रमागाखाली साचणारी सुताची धूळ कागदात बांधून आणली आणि गोंदावर चिकटवून बापाचं चित्र केलं. पहिल्या पावसात निम्मं गळून पडलं. पोराला त्याचं काही नाही. "कारखान्यात पण रोज झाडतातच," म्हणाला. साधन आणि विषय यांचं नातं त्याला इतकं कळलं होतं, आणि मी फळ्यावर त्यातलं काही लिहिलं नव्हतं.

अतुल दोडियांच्या दुकानी शटरवरच्या चित्रांबद्दल बोलायचं राहिलंच. असो.

मुलांना घेऊन जा. काळा घोड्याचं जहांगीर कला दालन १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, सीएसएमटीहून चालत जाता येतं. प्रदर्शनात पुष्कळदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि दुपारी तीनच्या सुमाराला चांगलाच कंटाळलेला असतो. पोरांना त्याच्याशी बोलू द्या. इथे हिरवा का लावला, हे आधी काढलं की ते, काहीही विचारू द्या. तुम्ही मात्र किंमत विचारू नका, निदान घ्यायचं नसेल तर. बरं, अध्यक्ष उठलेच आहेत, थांबतो.