डब्यात चढणारं वय

(दृश्य: टेबलावर पुठ्ठ्याचा जुना डबा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

प्रीमियर पद्मिनीचा व्हील सिलिंडर. पेडलवर पाय पडला की चाकातले ब्रेक शू बाहेर ढकलतो, तो हा. डबा आजवर कुणी उघडलेला नाही. कागदी पट्टी जागच्या जागी आहे, पार्ट नंबर स्वच्छ वाचता येतो. पद्मिनी जपणाऱ्या माणसाच्या हाती असा डबा लागला की त्याचा चेहरा खुलतो, आणि त्यात नवल नाही. ही गाडी बनायची थांबून वीस वर्षांवर काळ लोटला. कंपनीचा माल, तोही सीलपॅक, आता शोधशोधूनच मिळतो.

तरी हा सिलिंडर असाच उचलून गाडीला बसवू नये. तो वापरला गेला नाही, एवढंच खरं आहे. तेवढ्यानं तो नवा राहिलेला नाही.

(दृश्य: काळ्या-पिवळ्या टॅक्सींची जुनी छायाचित्रं.)

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्यात. तिथं फिअट ११०० बनू लागली, १९६४ मध्ये तिचं 'डिलाइट' हे रूप आलं आणि १९७० च्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. मुंबईची टॅक्सी म्हटली की हीच गाडी डोळ्यांसमोर यायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

या टॅक्सी रात्रंदिवस धावत होत्या तेव्हा दुकानदार त्यांच्यासाठी माल भरून ठेवायचे. टॅक्सी गेल्या, माल मागे राहिला. माळ्यांवर, गोदामांत, बंद पडलेल्या गॅरेजांच्या कपाटांत. घरची पद्मिनी चालती ठेवणाऱ्यांची भिस्त आज त्याच मालावर आहे. म्हणून तो कसा म्हातारा होतो हे त्यांना माहीत असायला हवं.

(दृश्य: भिंतीवर खिळ्याला टांगलेले फॅन बेल्ट.)

सगळ्यात आधी जातं ते रबर. नैसर्गिक रबराच्या लांबलचक साखळ्यांत काही दुवे असे असतात की हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन नेमके त्यांनाच धरतात. शिवाय कारखान्यात गंधक घालून, तापवून रबर पक्कं केलेलं असतं. गंधकाचं ते काम पुढेही अगदी सावकाश चालू राहतं आणि रबर कडक होत जातं. ओझोनला तर ताणलेली जागा लागते. वर्षानुवर्षं खिळ्याला टांगलेला एखादा जुना बेल्ट उतरवा, आणि खिळ्यावर जिथं तो वाकला होता तिथंच आणखी थोडा वाकवून बघा. ताणाला आडव्या, बारीक, एकमेकींना समांतर भेगा दिसतील. बाकीचा बेल्ट धड, आणि तेवढी जागा तुटायला आलेली. गुंडाळून सुतळीनं आवळलेल्या होस पाइपचंही हेच होतं.

टायरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. टायरच्या रबरात मेण मिसळलेलं असतं. गाडी चालते तेव्हा टायर दबतो, सुटतो, आणि ते मेण वर येत राहून ओझोनला अडवतं. पडून असलेल्या टायरला ही हालचाल मिळत नाही. एकदाही रस्त्यावर न आलेल्या टायरच्या कडेला भेगा दिसतात, त्या यामुळे.

रबर किती वर्षं ठेवावं, याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ २२३०. नैसर्गिक रबर ५ वर्षं, आणि तपासून ठीक वाटलं तर आणखी २. कृत्रिम रबरांपैकी नायट्राइल आणि निओप्रीन ७, वर ३. ईपीडीएम आणि सिलिकॉन १०, वर ५. हा हिशेब अंधाऱ्या, कोरड्या, २५ अंशांखालच्या खोलीत नीट बांधून ठेवलेल्या मालाचा आहे. पत्र्याच्या छपराखालचा माळा मे महिन्यात किती तापतो, ते तिथं एकदा चढलेल्या कुणालाही विचारा. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक बदलांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. पद्मिनीच्या डब्यांतलं रबर त्या मुदतीच्या कितीतरी पुढे निघून गेलं आहे.

(दृश्य: डबा उघडला जातो. सिलिंडर हातात घेऊन फिरवला जातो.)

आता हा सिलिंडर उघडू या. आत बिडाच्या भोकात रबरी कप बसलेले आहेत. कपाची कड मऊ, धारदार हवी, बाहेर फाकलेली हवी, तरच ती भिंतीला चिकटून ऑइल अडवते. हे कप कित्येक वर्षं एकाच जागी दाबून बसलेत. बोटानं दाबला तर दबलेला भाग परत वर येत नाही. रबरानं तो आकार कायमचा घेतला आहे. आणि कप जिथं भिंतीला टेकला होता तिथं ओल धरून बिडाला गंजाचं कडं पडलंय. नखाला लागतील एवढे खड्डे आहेत. नवा कप घातला तरी या खड्ड्यांवर त्याची कड खरवडली जाईल.

मग सिलिंडर फेकून द्यायचा का? नाही. भोक होन करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून घेता येतं. खड्डे खोल असतील तर चांगला लेथवाला आत स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, बसवून देतो. रबर मात्र नवं आणि ब्रेक ऑइलला चालणारंच हवं. एक सवय इथं फार नडते: माल टिकावा म्हणून त्यावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस फासून ठेवण्याची. लोखंडाला ते तारतं. पण ब्रेकचं रबर खनिज तेलानं फुगतं आणि मऊ पडतं, मग त्या कपाचा काही भरवसा राहत नाही. ब्रेकच्या रबराला वेगळं रबर ग्रीस मिळतं, तेच लावावं.

पेट्रोलच्या बाजूलाही हीच काळजी घ्यावी लागते. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा), पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटरमधली वॉशरं बनली त्या काळी पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. सीलपॅक डायफ्रॅम दिसायला कोरा असला तरी या पेट्रोलसाठी तो बनवलेलाच नाही. इथं माझं मत स्पष्ट आहे: जुना ओरिजिनल बाजूला ठेवा आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, आजचा, भले साध्या पाकिटातला डायफ्रॅम घाला. गळक्या पेट्रोलखाली तापलेलं इंजिन असतं.

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. रॅकवर रचलेले डबे.)

धातूचं दुखणं निराळं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर असते, आणि समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असतं. पुठ्ठा ही ओल पितो आणि आतल्या पार्टच्या अंगाशी धरून ठेवतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, तर ओल पिशवीच्या आत कोंडली जाते. बंपरवरचा क्रोम चकचकीत असतो, पण तो थर फार पातळ. त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खालच्या पोलादापर्यंत पोचते आणि मग वर बारीक तांबूस ठिपके उमटतात.

बेअरिंग हातात घेऊन फिरवल्याशिवाय विकत घेऊ नका. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरलेलं तेल. ते वर्षानुवर्षं झिरपून बाहेर येतं, डब्याच्या तळाला डाग पडतो आणि आत उरतो तो घट्ट, मेणचट गोळा. बेअरिंग रॉकेलनं धुवा, मग त्यातल्या पोलादी गोळ्या आणि त्या फिरतात ती वाट नीट बघा. पॅक करताना कुणी घामट हातानं धरलं असेल तर त्याच्या बोटांचे ठसे आज गंजाच्या रूपात दिसतात. मी असे ठसे पाहिलेत. रेषा न् रेषा मोजता येते. वाटेवर तसा डाग असेल तर ते बेअरिंग गेलं.

कागदाची आणि कॉर्कची पॅकिंगं सुकून आखडतात, बोल्टची भोकं जुळत नाहीत. ती फेकायची घाई नको. कोमट पाण्यात भिजवली की बऱ्याचदा मापावर येतात. क्लच प्लेट आणि ब्रेक शू घेताना मात्र एक गोष्ट विसरू नका: त्यांच्यावरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे लायनरमध्ये, त्या काळी ॲस्बेस्टॉस असायचं. त्याला कानस लावू नका, त्याची भुकटी फुंकू नका. चिकटवलेला लायनर असेल तर जुना गोंद सुटलेला असू शकतो, म्हणून शूवर नवं लायनिंग लावून घेणंच बरं.

(दृश्य: मेणकागद उलगडला जातो. आत गिअर.)

आणि मग हे बघा. तेलकट मेणकागदात गुंडाळलेला गिअर. कागद निघाला, आणि दात कारखान्यातून आले तसे. क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, गिअर, पाट्याच्या स्प्रिंगा, दिव्यांच्या काचा यांना ओल लागली नाही तर पडून राहिल्यानं त्यांचं काही बिघडत नाही. पैसे खर्च करायचे तर या मालावर करा. घरी आणल्यावर गंजरोधक कागदात बांधा, सोबत सिलिका जेल ठेवा, डबा जमिनीपासून वर ठेवा आणि दर दिवाळीला एकदा उघडून बघा. रबराचं सामान सपाट ठेवा, टांगू नका. इलेक्ट्रिक मोटरजवळ तर नकोच, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो.

(दृश्य: व्हर्निअर कॅलिपरनं माप घेणारे हात.)

राहिले ते कडक झालेले कप, सील आणि बुश. ते गाडीत घालता येत नाहीत, पण नवे बनवून घ्यायला नमुना म्हणून त्यांच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. गाडीतून काढलेला पार्ट झिजलेला असतो. हा झिजलेला नाही. कडेचा कोन, ओठांची संख्या, आतल्या पोलादी कड्याची जागा, सगळं शाबूत आहे. माप घेताना एवढं लक्षात ठेवा की रबर आखडलेलं असतं. म्हणून आकार जुन्या सीलचा बघा, पण व्यास ज्या धातूच्या खाचेत तो बसतो तिथून घ्या, आणि साचा बनवणाऱ्याकडे दोन्ही घेऊन जा.