डब्ल्यूडीसी: ८ मार्च झाला, आता पुढे काय?

(कॅमेऱ्याकडे बघून)

नमस्कार मंडळी! आज बोलूया डब्ल्यूडीसीबद्दल, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या महिला विकास कक्षाबद्दल. कुठे त्याला महिला मंच म्हणतात, कुठे आणखी काही. वर्षाचा कार्यक्रम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच. ८ मार्चला रांगोळी आणि पाककला स्पर्धा, एखाद्या डॉक्टरबाईंचं हिमोग्लोबिनवर व्याख्यान, कराटेचं शिबिर. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात असाल तर निर्भय कन्या अभियान. मग ग्रुप फोटो, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी अहवाल, आणि भेटूया पुढच्या मार्चला.

व्याख्यानाला माझा विरोध नाही. पाककलेला आहे, थोडासा. पण ऐन प्रॅक्टिकलच्या तोंडावर एखादी मुलगी अडचणीत सापडते, तेव्हा तिनं कुणाकडे जायचं? याचं उत्तर देता आलं पाहिजे, नाहीतर तो गट फोटोपुरताच.

आधी एक घोळ निस्तरू. डब्ल्यूडीसी वेगळी आणि लैंगिक छळाच्या तक्रारी घेणारी अंतर्गत तक्रार समिती वेगळी. या दुसरीला अजूनही सगळे विशाखा समितीच म्हणतात. राजस्थानात भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात साथीन, म्हणजे गावातली कार्यकर्ती, म्हणून काम करायच्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. कायदा व्हायला २०१३ उजाडलं. कॉलेजं आणि विद्यापीठांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वेगळे नियम आहेत, २०१५ चे. आज मी जे सांगणार आहे ते बरंचसं त्यातलंच आहे.

चौकशी करण्याचा अधिकार समितीला आहे. डब्ल्यूडीसीला तो नाही आणि तिनं तो घेऊही नये. कितीही राग आला तरी "त्याला बोलावून जाब विचारू" हे आपलं काम नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरवणं तर अजिबातच नाही. चौकशी चालू असताना तक्रारदार, साक्षीदार, ज्याच्यावर आरोप आहे तो, कुणाचंच नाव बाहेर येता कामा नये. शिवाय ग्रुपवरची एक पोस्ट पुढे तिच्याच विरोधात वापरली जाऊ शकते.

मग डब्ल्यूडीसीनं करायचं काय? ऐकायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही हं.

समजा, मीटिंग संपली, सगळ्या निघाल्या आणि एक मुलगी बॅगेची चेन लावत उगाच रेंगाळतेय. "तसं काही नाही गं, पण सर ना… रात्री मेसेज करतात." इथे आपल्या तोंडून पटकन काय निघतं? "मग तू रिप्लाय का दिलास?" संपलं! ती परत येत नाही. त्याऐवजी म्हणा, "बरं केलंस सांगितलंस. तुला काय करावंसं वाटतंय?" आणि मग गप्प बसा. तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल. तिच्या आईला, वर्गशिक्षिकेला परस्पर सांगायचं नाही.

मात्र एक गोष्ट तिला त्याच दिवशी सांगा: लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल, तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. मेसेज डिलीट करू नकोस म्हणावं. तारीख, वेळ, जागा आणि आसपास कोण होतं, हे एका कागदावर लिहून ठेव म्हणावं.

आता खरी भीती. सायन्स, इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. जर्नलवर सही कोण करणार? तेच सर. इंटर्नल मार्क कुणाच्या हातात? त्यांच्याच. म्हणून मुली गप्प बसतात. नियमांत यावर तोड आहे. तिनं मागणी केली, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या शिक्षकाला तिचं काम आणि तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवावं, अशी शिफारस समिती करू शकते. ही एक ओळ माहीत असली, तर कितीतरी जणी बोलतील असं मला वाटतं. तिला पहिल्या भेटीतच सांगा.

आणि तक्रार सिद्ध झाली नाही, तर उलट तिच्यावरच कारवाई? नाही. पुरावा कमी पडणं म्हणजे खोटी तक्रार नव्हे.

(स्क्रीनवर: ७ – १० – ९०)

तक्रार आल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा दिवस, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तारखा डब्ल्यूडीसीतल्या कुणीतरी वहीत लिहून ठेवा. तिला त्या वेळी ते सुचणार नाही.

प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल, तर समितीत तीन विद्यार्थी हवेत, आणि तेही निवडून आलेले. ही निवडणूक तुम्ही कधी पाहिलीत? कमेंटमध्ये सांगा, मला खरंच उत्सुकता आहे. प्राचार्य, विभागप्रमुख, कुलसचिव असे वरच्या पदांवरचे लोक समितीत चालत नाहीत. बाहेरची एक व्यक्ती सदस्य लागते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा लैंगिक छळाच्या प्रश्नांची जाण असलेली. तर जुलैमध्ये ऑफिसात जा, समितीची यादी मागा आणि हे सगळं ताडून पाहा. यादीत तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या मॅडमचं नाव असेल, तर तिथूनच सुरुवात करा.

आणि हो, हे गेटच्या आतच लागू असतं असं नाही. सहल, इंटर्नशिप, युवक महोत्सव, एनएसएसचं कॅम्प, सगळीकडे लागू. कॅम्पला निघण्याआधी समितीतल्या एका बाईंचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असू द्या. सोबत आपत्कालीन मदतीचा ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१. कुणी फारच खचलेली वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६.

बाकी कामं छोटी आहेत, पण ती दर महिन्याला करायची आहेत. पॅडचं मशीन चालू आहे का, त्याच्याशेजारचा कचऱ्याचा डबा कोण रिकामा करतं, लायब्ररी ते बस स्टॉप या रस्त्यावरचा कुठला दिवा बंद आहे. अर्ज लिहा, इनवर्डला द्या, शिक्का मारून प्रत घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

शेवटचा प्रश्न, दर वेळी येतोच: डब्ल्यूडीसीत मुलांना घ्यायचं का? माझं मत, घ्यायचं. मुलांनाही त्रास होतो, तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही होतो, आणि यूजीसीचे नियम त्यांनाही धरून आहेत. फक्त ऐकण्याची जबाबदारी कुणाकडे, हे आधी ठरवा आणि नावं बोर्डावर लावा, म्हणजे कुणाशी बोलायचं ते येणाऱ्यालाच निवडता येईल. मुलांना खुर्च्या लावायला तेवढं बोलावू नका म्हणजे झालं.