बर्फाकडून दिवाणखान्याकडे

व्यासपीठावर एक प्राध्यापक उभे आहेत. विषय आहे, झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांचं प्रेमजीवन. कुठल्या जातीच्या नराचं एका मादीवर भागतं, कुठल्याला दोन लागतात, हे ते अगदी तन्मयतेनं समजावून सांगताहेत. आपली बायको इरेन या घडीला कुणाबरोबर आहे, याचा मात्र त्यांना पत्ताच नाही.

हा १९२० सालचा स्वीडिश मूकपट. नाव ‘एरोतिकॉन’. दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलर.

स्टिलरचा जन्म हेलसिंकीचा, १८८३चा. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. सैन्यातली सक्तीची भरती टाळण्यासाठी हा तरुण नट स्वीडनला निघून आला. ‘एरोतिकॉन’च्या आदल्याच वर्षी त्यानं स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलोफ यांच्या कथेवर चित्रपट केला होता. गोठलेला समुद्र, बर्फात अडकलेलं जहाज, खून आणि पश्चात्ताप. स्वीडिश सिनेमाचं जगभर नाव झालं ते अशाच चित्रपटांमुळे. आणि त्याच माणसानं आता कॅमेरा थेट स्टॉकहोमच्या श्रीमंत दिवाणखान्यात नेऊन ठेवला! मूळ नाटक हंगेरियन, फेरेन्स हर्त्सेग यांचं.

कथा तशी छोटी. इरेनच्या मागे एक सरदार आहे, विमान उडवणारा हौशी गडी. पण तिचा जीव जडलाय प्रेबेनवर. हा शिल्पकार म्हणजे तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र. प्राध्यापकांना यातलं काही दिसत नाही. त्यांना हवं असतं कोबी घातलेलं मटण. आणि ते त्यांच्या मनासारखं करून घालते नात्यातली तरुण मुलगी, मार्था.

आता ऑपेराचा प्रसंग नीट बघा. रंगमंचावर बॅले चाललाय. राजाची राणी राजाच्याच मित्राला भुलवते आहे. या बॅलेसाठी कुर्त आत्तेरबेरी यांनी खास संगीत रचलं होतं. प्रेक्षागृहात इरेन बसली आहे, प्रेबेनही आहे. समोर नाचून दाखवलं जातंय ते आपलंच गुपित, हे दोघांनाही कळतं. स्टिलर इथे पडद्यावर मजकुराच्या लांबलचक पाट्या टाकत नाही. मंच, चेहरा, पुन्हा मंच. तेवढ्यात सगळं सांगून होतं.

इरेन झालेली तोरा तेये मुळात रंगभूमीची अभिनेत्री. पण हातवारे नाहीत, ऊर बडवणं नाही. पापणी जरा खाली येते, ओठाची कड किंचित हलते, बस्स. मूकपट म्हणजे आरडाओरड्याचा अभिनय, असं आपण सहज म्हणून जातो. या बाईंना एकदा पाहावं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती या चित्रपटाची माया. नवरा भोळा आहे, पण त्याची टिंगल नाही. बायकोचं मन दुसरीकडे आहे, पण तिला पाण्यात ढकललेलं नाही की विष पाजलेलं नाही. त्या काळी पडद्यावरच्या किती बायकांच्या नशिबी हे आलं असेल?

पुढे जर्मन दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांच्या दिवाणखानी विनोदपटांमध्ये जाणकारांना याच चित्रपटाची छाया दिसली. स्टिलर १९२५ साली तरुण स्वीडिश नटी ग्रेटा गार्बोला घेऊन हॉलिवूडला गेला. तिथे त्याचं बस्तान बसलं नाही. १९२८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो स्टॉकहोममध्येच वारला.

इकडे पडद्यावर इरेन आणि प्रेबेन अखेर एकमेकांचे झालेत. प्राध्यापकांकडेही रडारड नाही. मार्था आहे, आणि कोबी घातलेलं मटण आहे.