घासून उजळलेली चित्रं

मित्रहो, आज न्गुयेन जिया त्री या व्हिएतनामी चित्रकाराविषयी बोलायचंय. पण सुरुवात एका झाडापासून करावी लागेल. उत्तर व्हिएतनामात फू थो भागात हे झाड लावतात. त्याच्या खोडाला चिरा देऊन चीक गोळा करतात, तोच तिथला लॅकर. आपली लाख किड्यांपासून मिळते, तिच्याशी याचा संबंध नाही. हा चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं. आणि तो वाळतो दमट हवेत! शतकानुशतकं तो देव्हारे, तबकं, डबे रंगवायला वापरत. हनोईत १९२५ मध्ये कलाशाळा निघाली आणि तिथल्या मुलांनी या चिकात चित्रं करून पाहायला सुरुवात केली. त्रींचा जन्म १९०८ चा. ते या शाळेतून १९३६ मध्ये बाहेर पडले. या माध्यमाला खऱ्या अर्थानं चित्रकलेत आणलं ते त्यांनी, असं मी ठामपणे म्हणेन.

ही चित्रं होतात कशी? लाकडी फळीवर लॅकरचे थर चढवायचे. पांढरा रंग हवा तिथे अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे एकेक करून बसवायचे, कारण लॅकरमध्ये शुभ्र पांढरा मिळतच नाही. मग चांदीचा वर्ख, सोन्याचा वर्ख, हिंगुळाचा लाल. एवढं सगळं झालं की त्यावर पुन्हा लॅकर फासायचा. चित्र दिसेनासं होतं! तो थर वाळला की पाणी घेऊन घासत बसायचं. कुठे जास्त, कुठे कमी. जरा हात जड पडला की खालचं सोनं गेलंच म्हणून समजा. शेवटी तळहातानं चोळून झळाळी आणायची.

त्रींनी व्यंगचित्रं काढली, फ्रेंच राजवटीत तुरुंगवास भोगला, पुढे १९५४ च्या सुमारास ते सायगावला स्थायिक झाले. तिथे १९६९ मध्ये त्यांनी ‘वसंत-उद्यान : मध्य, दक्षिण, उत्तर’ हे नऊ फळ्यांचं, ५.४ मीटर रुंद चित्र हाती घेतलं. देशाच्या तिन्ही भागांतल्या स्त्रिया एकाच बागेत आहेत. सुरुवात केली तेव्हा देश दुभंगलेला होता, युद्ध पेटलेलं होतं. हे काम जवळजवळ वीस वर्षं चाललं. १९९३ मध्ये ते गेले.

२०१३ मध्ये हे चित्र राष्ट्रीय ठेवा ठरलं. हो ची मिन्ह शहराच्या, म्हणजे पूर्वीच्या सायगावच्या, संग्रहालयात ते असतं. २०१८ च्या अखेरीस ते साफ करायला काढलं आणि भांडी घासायचा साबण, पॉलिश पेपर वापरला गेला. नंतरच्या पाहणीत सुमारे ३० टक्के भागाला इजा झाल्याचं आढळलं. मला याचा फार त्रास होतो. कारण त्रींनी कुठे घासणं थांबवलं, तीच त्यांची रेषा होती. ती दुसऱ्या कुणाला पुन्हा घालता येत नाही.

हनोईला गेलात तर तिथल्या ललितकला संग्रहालयात त्यांचा १९३९ चा पडदा जरूर पाहा; कापडाचा नव्हे, फळ्या जोडून केलेला, लॅकरनं रंगवलेला उभा आडोसा. पुढच्या बाजूला बागेतल्या तरुणी आहेत. पण मागेही जा. तिथे माणूस नाही, अळूच्या जातीची मोठाली पानं आहेत, आणि मला तीच बाजू जास्त धीट वाटते.